गाडीची पकड आणि गाडीचा तोल



आपल्या बैठकीत आरोग्याचा विषय होतो, बँकेचा होतो, शेळीपालनाचा होतो. गाडीचा विषय मात्र सहसा निघत नाही. निघालाच तर "ते गडीमाणसांचं काम" म्हणून आपण सोडून देतो. पण जरा हिशोब करा. खुरपणीला, कांदा लागणीला, द्राक्षबागेत विरळणीला जाताना आपण रोज कुणाच्या तरी गाडीत बसतो. बाजाराला जाताना बसतो, दवाखान्याला जाताना बसतो. चालवणारा एक असतो, बसणाऱ्या पंधरा असतात. त्यात आता आपल्यातल्या कितीतरी जणी स्कूटी चालवतात, आणि काहींनी गटाचं कर्ज काढून दुधासाठी किंवा भाजीसाठी टेम्पो घेतलाय. म्हणून या अंकात गाडी रस्त्याला कशी धरून राहते आणि कशामुळं कलंडते ते समजून घेऊ. इंजिनाचा विषय इथं नाही. दोनच गोष्टी बघायच्या: पकड आणि तोल.

पकड कुठं असते?

चारचाकी गाडीचं एक टायर रस्त्याला जेवढं टेकतं, ती जागा साधारण आपल्या तळहाताएवढी असते. म्हणजे एवढी मोठी जीप, आतली माणसं, टपावरची पोती, हे सगळं चार तळहातांवर उभं असतं. स्कूटीचं चाक तर दोन-तीन बोटांएवढंच टेकतं. गाडी पळते, वळते आणि थांबते ती तेवढं रबर रस्त्याला धरतं म्हणून. ब्रेक फक्त चाक थांबवतो. चाक थांबलं आणि खाली पकड नसली, तर थांबलेल्या चाकावर गाडी तशीच घसरत पुढं जाते.

हे कळायला आपली चप्पल पुरेशी आहे. नव्या चपलेच्या तळाला खाचा असतात. वर्षभर वापरून तळ गुळगुळीत झाला की तीच चप्पल ओल्या फरशीवर दगा देते. पण कोरड्या अंगणात ती काही घसरत नाही. टायरचंही तसंच आहे. टायरवरची जी नक्षी असते ती शोभेची नसते, चाकाखालचं पाणी बाजूला काढून द्यायला असते. नक्षी झिजली की पाण्याला जायला वाट राहत नाही, चाक आणि रस्ता यांच्यात पाण्याचा पातळ थर राहतो आणि वेग असेल तर चाक त्या थरावर तरंगायला लागतं. मग हँडल फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

म्हणूनच टायर पार गोटा झालेला असला तरी ड्रायव्हर उन्हाळ्यात म्हणतो, "मावशी, चार महिने झाले, काही होतंय का?" तो खोटं बोलत नाही. कोरड्या डांबरावर गोटा टायरसुद्धा चांगलं धरतं. त्याची परीक्षा पहिल्या पावसात होते.

पहिला पाऊस विशेष लक्षात ठेवा. आठ महिने रस्त्यावर ऑइल सांडलेलं असतं, धूळ बसलेली असते, टायरचं झिजलेलं रबर असतं. पहिल्या सरीत त्याचा राडा होतो. जोराचा पाऊस पडून रस्ता धुऊन निघेपर्यंत तो राडा तिथंच राहतो. त्यामुळं भर पावसाळ्यापेक्षा सुरुवातीचा भुरभुर पाऊस जास्त निसरडा असतो. आपल्याकडं त्यात काळ्या मातीची भर पडते. उसाच्या फडातून बाहेर आलेला ट्रॅक्टर चाकाला लागलेली चिखलाची ढेकळं डांबरावर टाकत जातो आणि त्यावर पाणी पडलं की साबण लावल्यासारखं होतं. पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी, गतिरोधकावरचा पांढरा रंग, वळणावर साचलेली बारीक खडी आणि मुरूम, या सगळ्या जागा तशाच.

इथं एक कडू गोष्ट बोलायला पाहिजे. रस्त्यावर सोयाबीन, हुलगा, तूर वाळायला नाहीतर मळायला पसरायची पद्धत आपल्याकडं आहे. गाड्या वरून गेल्या की आयती मळणी होते, खळं करायला नको. पण गोल दाणा चाकाखाली आला की चाक रस्त्याला टेकतच नाही, दाण्यांवर गरगरत पुढं जातं. वरून पडलेलं काड तर ओलं झालं की शेवाळासारखं होतं. चारचाकी कशीबशी सावरते. मोटारसायकलवाला सावरत नाही, आणि मागं बसलेली त्याची आई किंवा बायको आधी पडते. खळ्याला जागा नाही ही अडचण खरी आहे. त्यावर ग्रामसंघातून ताडपत्री घेणं, समाजमंदिरापुढचं पटांगण पाळीपाळीनं वापरणं असे मार्ग निघू शकतात. रस्ता हा मार्ग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पकडीचा पैसा एकच

पकडीबद्दल एक गोष्ट पुरुषांनाही नीट माहीत नसते, म्हणून जरा सावकाश सांगते. पकड ही महिन्याच्या घरखर्चाच्या पैशासारखी असते. जेवढी आहे तेवढीच. त्यातून ब्रेकला द्यायचं आणि त्यातूनच वळणाला द्यायचं. सरळ रस्त्यावर ब्रेक दाबला तर सगळी पकड ब्रेकला मिळते. ब्रेक न लावता वळलं तर सगळी वळणाला मिळते. पण वळतानाच जोरात ब्रेक मारला तर दोघांना एकाच पाकिटातून पैसे लागतात आणि पाकीट रिकामं होतं. गाडी त्या क्षणी घसरते. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात शिरल्यावर ब्रेकला हात कमीत कमी. घाटात चांगला एसटी ड्रायव्हर कसा चालवतो ते पुढच्या वेळी बघा. वळणाच्या आधीच गिअर उतरवलेला असतो.

वेगाचा हिशोबही समजून घ्या. वेग दुप्पट झाला तर थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतं. चांगलं टायर, कोरडा रस्ता आणि ताशी ४० किलोमीटर वेग धरला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण ९-१० मीटरवर थांबते. पण ब्रेक दाबायचं डोक्यात येऊन पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो, आणि त्या सेकंदात गाडी ११ मीटर पुढं गेलेली असते. एकूण झाले २० मीटर, म्हणजे एकामागं एक लावलेल्या दोन एसटी गाड्यांएवढं. वेग ६० असला तर हाच आकडा ३७-३८ मीटरवर जातो. ओल्या रस्त्यावर ब्रेकनंतरचं अंतर दीडपट-दुप्पट धरा. टायर गोटा असेल तर हा हिशोबच सोडून द्या.

वळणावरही तोच नियम लागतो. २० च्या वेगानं वळताना गाडी बाहेरच्या बाजूला जेवढी ढकलली जाते, ४० ला त्याच्या चौपट ढकलली जाते. आपण बाजूच्या बाईच्या अंगावर जातो तो हाच ढकला.

आता तोल

तोल आपल्याला शिकवायची गरज नाही. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, कमरेवर पोर आणि पायाखाली बांध, यातून आपण रोज चालतो. फक्त जे अंगाला कळतं ते गाडीला लावून बघू.

बैठकीत हा प्रयोग करा. गटाचं जाड रजिस्टर घ्या. त्यावर एक काड्यापेटी आडवी ठेवा, दुसरी उभी ठेवा. आता रजिस्टर एका बाजूनं हळूहळू उचला. उभी पेटी लगेच पडते. आडवी पेटी घसरेल, पण पडणार नाही. वजन दोन्हींचं सारखंच आहे. फरक एवढाच की एकीचं वजन उंचावर आहे आणि बैठक अरुंद आहे, दुसरीचं वजन खाली आहे आणि बैठक रुंद आहे. गाडीचा सगळा तोल या दोन काड्यापेट्यांत आला. वजन जेवढं खाली आणि चाकं जेवढी दूर, तेवढी गाडी स्थिर. वजन जेवढं वर जाईल तेवढी ती उभ्या काड्यापेटीसारखी होते. कडब्याची गाडी रचताना म्हाताऱ्या माणसांनी वरचे थर कमी ठेवायला का सांगितलं असतं, तेही यावरून कळेल.

आता आपण बसतो त्या गाड्या एकेक घेऊ.

तीनचाकी रिक्षा आधी, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहे. पिठात बोटानं एक त्रिकोण काढा. मागं दोन चाकं, पुढं एक. गाडीचं सगळं वजन या त्रिकोणाच्या आत राहिलं पाहिजे. मागच्या बाजूला त्रिकोण रुंद आहे, तिथं वजन थोडं इकडंतिकडं झालं तरी चालतं. पुढं तो निमुळता होत एका टोकाला येतो. आता ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक बाई बसवली की काय होतं? वजन पुढं सरकतं, जिथं त्रिकोण अरुंद आहे. त्यात वळणावर गाडी बाहेर ढकलली जाते आणि ड्रायव्हर घाबरून ब्रेक मारतो. ब्रेकनं वजन आणखी पुढं येतं. आता ते अरुंद टोकाच्या बाहेर पडायला फार वेळ लागत नाही आणि रिक्षा आडवी होते. "मागं तीन बसवले काय आणि पुढं दोन बसवले काय, माणसं तेवढीच" असं ड्रायव्हर म्हणतो. माणसं तेवढीच, पण जागा तीच नाही. पुढच्या फळीवरची एक बाई रिक्षाचा तोल जेवढा बिघडवते तेवढा मागं दाटीनं बसलेली बाई बिघडवत नाही. शिवाय पुढं बसलेलीच्या गुडघ्यानं हँडल अडतं ते वेगळंच. म्हणून भरलेल्या रिक्षात "पुढं बसा की मावशी" म्हटलं तर पुढं बसू नका.

बॅटरीवरच्या रिक्षात जड बॅटऱ्या सीटखाली, तळाशी ठेवलेल्या असतात. तोलासाठी ते चांगलं आहे. पण चाकं तीनच आहेत, त्रिकोण तोच आहे, त्यामुळं वळणाचा नियमही तोच.

जीप किंवा वडाप. इथं दोन प्रकार होतात. एक म्हणजे टपावर माणसं नाहीतर पोती. खत, सिमेंट, बाजाराची पाटी वर चढवली की आडवी काड्यापेटी उभी होत जाते. जड सामान नेहमी आत, पायाशी. टपावर द्यायचंच असेल तर हलकं द्या. दुसरा प्रकार मागच्या फळीवर लोंबकळणारी माणसं. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना "उलाळ" शब्द माहीत असेल. मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या मानेला फास लागतो. जीपला बैल नसतात म्हणून ते दिसत नाही. पण मागं सहा जण लटकले की तीही उलाळ होते. पुढची चाकं हलकी पडतात. आणि स्टेअरिंग पुढच्याच चाकांना आहे! चढाला, वळणाला ड्रायव्हर स्टेअरिंग फिरवतो आणि पुढची चाकं रस्त्याला नीट धरतच नाहीत. ड्रायव्हरला विचारा, "गाडी पुढनं हलकी लागते का?" तो खरा असेल तर हो म्हणेल.

ट्रॅक्टर-ट्रॉलीबद्दल जास्त लिहिते, कारण मजुरीला नेताना, लग्नाला, जत्रेला, ऊसतोडीला सगळीकडं तीच असते. पहिली गोष्ट, ट्रॉली ही मालासाठी आहे. माणसं नेणं कायद्यानं चालत नाही आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळताना हाच मुद्दा आडवा येतो. दुसरी गोष्ट, बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. थांबवायचं काम एकटा ट्रॅक्टर करतो. उतारावर ट्रॅक्टर ब्रेक लावतो, पण मागची भरलेली ट्रॉली त्याला ढकलत राहते. ट्रॅक्टर जरा तिरका असला तर ट्रॉली त्याला मागून दाबून आणखी आडवा करते आणि दोन्ही मिळून घडी घातल्यासारखी दुमडतात. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे ड्रायव्हर असतात. गिअरमध्ये असताना इंजिन स्वतः चाकाला अडवून धरतं, न्यूट्रल केलं की तो आधार गेला. उतारावर इंजिनाचा आवाज एकदम बारीक झाला आणि गाडी मात्र पळायला लागली, तर ओळखा की न्यूट्रल केलंय. तिथंच ओरडायचं.

तिसरी गोष्ट फार थोड्या बायकांना माहीत असते. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या चाकाचा वेगळा आणि उजव्या चाकाचा वेगळा. शेतात जाग्यावर वळायला ते उपयोगी पडतात. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडल खटक्यानं जोडायचे असतात. जोडले नाहीत आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर एकच चाक थांबतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. शेतातून बाहेर पडताना "दादा, ब्रेक जोडले का?" एवढं विचारायला आपल्याला ट्रॅक्टर चालवता यायला लागत नाही. ज्यांच्या घरचा ट्रॅक्टर आहे त्यांनी आज संध्याकाळीच तो खटका बघून घ्या. कितीतरी जुन्या ट्रॅक्टरांचा तो गंजून पडलेला असतो किंवा तुटलेला असतो.

आणि नाइलाजानं ट्रॉलीत बसावंच लागलं, तर हौद्यात खाली बसा, मधोमध बसा. उभं राहू नका, फळीच्या कडेवर बसू नका. वीस बायका उभ्या राहिल्या की ट्रॉलीचं वजन कमरेएवढं वर चढतं. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तर कुणीच बसायचं नाही, पोरांनी तर नाहीच. खड्डा आला की तिथून पडणारं माणूस थेट मोठ्या चाकाखाली जातं.

पाण्याचा टँकर आणि दुधाचे कॅन. अर्धा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालणं जास्त अवघड, हे आपल्याला माहीत आहे. पूर्ण भरलेल्यातलं पाणी हलायला जागा नसते. अर्ध्यातलं डचमळतं आणि आपण डावीकडं झुकलो की तेही डावीकडं धावतं. अर्धा टँकर वळणावर असाच वागतो. वजन भरलेल्यापेक्षा कमी असतं, तरी तोल जास्त वाईट असतो. मोटारसायकलला दोन बाजूंना कॅन लावून दूध नेणाऱ्यांनी एक कॅन पूर्ण रिकामा आणि एक भरलेला असं नेऊ नये. दूध कमी असेल त्या दिवशी दोन्हीत सारखं वाटून, झाकणं घट्ट लावून न्यावं.

स्कूटीवाल्या मैत्रिणींसाठी

दुचाकी चालते तोवर उभी असते, हळू झाली की डगमगते. त्यामुळं नव्यानं शिकणारीला गर्दीत, अगदी सावकाश चालवताना जास्त त्रास होतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, सगळ्यांचं तसंच होतं. हँडलला दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवल्या की हँडल जड होतं आणि स्वतःच्या मनानं वळतं. सामान पायाजवळच्या जागेत किंवा सीटखाली ठेवा.

ब्रेक दोन्ही वापरा. ब्रेक लावला की वजन पुढं जातं, पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि त्याला जास्त पकड मिळते. म्हणजे थांबवायचं जास्तीचं काम पुढचा ब्रेक करतो. "पुढचा ब्रेक लावला की गाडी पलटी होते" असं शिकवणारे घरोघरी आहेत. अर्धवट सत्य आहे ते. खडीवर, चिखलात किंवा हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक करकचून दाबला तर गाडी पाडतेच. सरळ, कोरड्या रस्त्यावर दोन्ही हळूहळू वाढवत दाबले तर तीच गाडी निम्म्या जागेत उभी राहते. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लागायची सोय आणि त्याहून मोठ्यांना एबीएस सक्तीचं झालं. एबीएस म्हणजे चाक घसरायला लागलं की ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा लावणारी यंत्रणा. तुमची स्कूटी त्यानंतरची असेल तर डावा ब्रेक दाबला तरी थोडा पुढचाही लागतो. रिकाम्या मैदानात दहा वेळा ब्रेक मारून बघा म्हणजे हाताला अंदाज येईल.

आता एका बाजूला बसण्याबद्दल. साडी नेसून मागं एका बाजूला बसायची आपली रीत आहे. बाईनं दोन्हीकडं पाय टाकून बसणं काही घरांत अजून बरं दिसत नाही. पण तोलाच्या हिशोबानं बघा. सगळं अंग गाडीच्या एका बाजूला जातं, चालवणाऱ्याला पूर्ण रस्ताभर दुसरीकडं झुकून तोल धरावा लागतो, आणि खड्डा आला की धरायला आपल्या पायांची मांड नसते. मांडीवर मूल असेल तर एक हातही अडकलेला. सलवार-कुर्ता घालून किंवा साडीखाली लेगिन घालून दोन्हीकडं पाय टाकून बसता येतं. हा विषय मी चार-पाच गटांत काढला. बहुतेक ठिकाणी सासवा आधी हसल्या, मग त्यांच्यातल्याच एखादीनं सांगितलं की ती पडली होती ती एका बाजूला बसूनच. रीत एका दिवसात बदलत नाही. तोवर निदान एवढं करा की मागची जाळी म्हणजे साडी गार्ड काढून टाकू देऊ नका, पायाला पायदान असू द्या, पदर पुढं खोचा आणि हात चालवणाऱ्याच्या खांद्यावर न ठेवता मागच्या कडीला घट्ट धरा.

गटाच्या कर्जातून जुनी गाडी घेताना

कर्जाच्या अर्जासोबत आपण आरसी, विमा, फिटनेस बघतो. टायर कुणी बघत नाही. चार टायर बदलायला निघाले की पहिले दोन-तीन हप्ते तिथंच अडकतात, म्हणून सौदा होण्याआधी बघा.

टायरच्या नक्षीच्या खोल खाचेत बोट घालून फिरवा. मध्येमध्ये रबराचे बारीक उंचवटे लागतात. कडेला त्या जागी छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी इंग्रजी अक्षरं असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपलं. चारचाकीला नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकी, तीनचाकीला ०.८ मिलिमीटर हवी, असा नियम आहे. एकाच बाजूनं झिजलेलं टायर दिसलं तर टायर बदलून भागणार नाही, चाक तिरकं चालतंय, म्हणजे खालचं काम निघालंय. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला, तर हवा कमी ठेवून गाडी चालवलेली आहे. मधलाच भाग झिजला तर हवा जास्त होती.

टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर ते टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलं. नक्षी चांगली दिसत असली तरी जुनं रबर कडक होतं, त्याला बारीक तडे जातात आणि ते रस्त्याला पहिल्यासारखं धरत नाही. गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असेल तर हे हमखास असतं. हवा किती भरायची ते दाराच्या कडेला किंवा साखळीच्या कव्हरवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं, एकट्यानं चालवताना वेगळी आणि भरून चालवताना वेगळी. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. ही तपासणी करायला गटातल्याच दोघीजणी जा. विकणारा "ताई, तुम्हाला काय कळतंय" म्हणेल. त्रिकोणाच्या खुणेवर बोट ठेवून विचारायचं.

मुकादमाशी बोलताना

आता खरी अडचण. हे सगळं कळलं तरी गाडी भरताना बोलायचं कसं? चालवणारा पुतण्या असतो, शेजारचा असतो. मुकादम उद्या कामावर बोलावणार नाही ही भीती असते. एकटी बाई बोलली की "हिला लई जिवाची काळजी" म्हणून हसतात आणि तिलाच उतरवून गाडी निघून जाते. मजुरीचा दिवस बुडतो. म्हणून हे एकटीनं बोलायचं काम नाही. बैठकीत ठरवून, रजिस्टरला लिहून, सगळ्यांनी मिळून सांगायचं. भांडण न करता मोजक्या गोष्टी सांगा: रिक्षात पुढं कुणी बसणार नाही, टपावर आणि मागच्या फळीवर कुणी चढणार नाही, पावसाळ्याच्या आधी गोटा टायर बदलायचं, उतारावर न्यूट्रल करायचं नाही.

मुकादम म्हणणार, मग दोन फेऱ्या लागतील, पैसे कोण देणार? हा प्रश्न रास्त आहे, त्याला आकड्यात उत्तर द्या. समजा सोळा बायका आहेत आणि जास्तीच्या फेरीला २४० रुपये लागतात. बाईमागं १५ रुपये झाले. महिन्यात २६ दिवस काम मिळालं तर ३९० रुपये. मजुरी करणाऱ्या बाईला ३९० रुपये काही थोडे नाहीत, त्यामुळं "जिवापुढं पैशाचं काय" असं म्हणून हा मुद्दा उडवता येणार नाही. एका गटानं यावर असा तोडगा काढला. निम्मे पैसे शेतमालकाकडून घ्यायचे ठरवलं, कारण वेळेवर आणि धड मजूर पोचणं त्याच्याही सोयीचं आहे. उरले बाईमागं साडेसात रुपये. पहिल्या फेरीला लांबच्या वस्तीवरच्या बायका जातात आणि वीस मिनिटं आधी काम धरतात, दुसऱ्या फेरीच्या बायका तेवढाच वेळ संध्याकाळी जास्त थांबतात, मग परतीच्याही आपोआप दोन फेऱ्या होतात. मालक पहिल्यांदा नाही म्हणाला. कांदा काढणीची घाई आली आणि दुसरी टोळी मिळेना, तेव्हा हो म्हणाला. तुमच्याकडं हा हिशोब कसा बसतो ते येत्या बैठकीत मांडा. गाडीत जागा किती, बायका किती आणि फेरीला पैसे किती, हे तीन आकडे आधी विचारून ठेवा.